हुबळीची चार वर्षं

“वैजूताई, ते ॲट दि रेट कुठं दडलंय बगा की जरा. मगाधरनं हुडकालोय.”

मगदूमकाका कीबोर्डवर वाकले होते. चष्मा कपाळावर आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत. मी पाकिटांना तिकिटं चिकटवत होते. ती तशीच टाकून उठले आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं. पासवर्डाच्या चौकटीत काळे ठिपके पडले होते, अर्धे झाले होते.

“काका, आपला मेल तर सकाळपासून उघडाच आहे. परत पासवर्ड कशाला घालताय?”

“आवो, पुण्याचा मेल आलाय, ढवळेबाईंचा. मेळाव्याची यादी चढवलीया म्हणं त्यांनी. बघायची तर आपला मेल नि पासवर्ड घाला म्हणत्यात. आज संध्याकाळी बंद व्हनार ते. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, हा आपल्या आवटीबाईंचाच नियम न्हवं?”

“बोट वर घ्या, काका. आणि उठा.”

“आता ह्यात उठायसारखं काय झालं?” काका म्हणाले, पण उठले. पोस्टात अख्खी नोकरी काढलेला माणूस. पत्र अडवून ठेवणं त्यांना पाप वाटायचं.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानावर आमचं पुनर्विवाह मंडळ होतं. दोन खोल्या, एक संगणक आणि इंदुमती आवटी, म्हणजे आमच्या काकू. खाली दिवसभर कोणीतरी तार पिळत बसलेलं असायचं आणि वर आम्ही विधवा, विधुर, घटस्फोटितांची लग्नं जुळवायचो. काकूंचा नवरा लवकर गेला, त्यांनी स्वतःचं मात्र परत जमवलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “हलवाई आपली मिठाई खातो का गं?” मगदूमकाका पत्रव्यवहार बघायचे, पगार न घेता. मी तिथं स्थळ म्हणून नाव घालायला गेले होते. लग्न जमलं नाही, नोकरी जमली.

मंडळात काकूंनी पाडलेली एक पद्धत होती. ज्या बाईला जुन्या घराकडून धोका आहे, तिचं स्थळ ‘बंद पाकिटात’ जायचं. तिचं आडनाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण, काही म्हणता काही बाहेर सांगायचं नाही. नुसता नंबर. समोरच्या माणसाची चौकशी पुरी झाली की काकू त्याला आपल्यासमोर बसवायच्या आणि सांगायच्या, “हे बंद पाकिटातलं स्थळ आहे. भेट इथंच होईल. पत्ता तिला वाटेल तेव्हा ती देईल.” बंद पाकीट हा शब्द त्याच्या कानावर तेव्हा पहिल्यांदा पडायचा. पाकीट आपलं म्हणायला. माहिती होती आमच्या मेलमध्ये, एका वेगळ्या कप्प्यात. कारण कपाटाची किल्ली काका सारखी हरवायचे.

त्या कप्प्यात तेव्हा चौघी होत्या आणि त्यातली एक होती मीनल चौगुले. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची, पदरात सहा वर्षांची मुलगी. नवऱ्यापासून घटस्फोट मिळाला होता, सुटका नव्हती. तिनं दोनदा गाव बदललं आणि दोन्ही वेळा तो दारात येऊन उभा राहिला. मिरजेत येऊन वर्ष झालं होतं, अजून त्याला पत्ता लागला नव्हता. “आता चौथ्यांदा बोचकं बांधायची ताकद नाही हो माझ्यात,” असं ती पहिल्याच दिवशी काकूंना म्हणाली होती. ते ऐकताना मी तिथंच होते.

म्हणून मी काकांना उठवलं.

काकू आतल्या खोलीतून चहाचा पेला घेऊन आल्या. “काय गोंधळ चाललाय?”

मी दाखवलं. ढवळेबाईंच्या मंडळाचं नाव, त्यांचं बोधचिन्ह, मेळाव्याची तारीख, सगळं जिथल्या तिथं. खाली एक निळी ओळ, इथे क्लिक करा म्हणून. काकूंनी मेल वाचला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, “ठीक तर दिसतंय. तुझी काय अडचण आहे?”

“हे नाव आहे ना, हे वरचं. नावावर बाण नेला की मागचा खरा पत्ता दिसतो. हा बघा. मंडळाचा नाहीच, कोणीही फुकटात उघडेल असला आहे. आणि काकू, आपल्या घराची किल्ली ते कशाला मागतायत? यादी त्यांची आहे ना, मग पासवर्ड आपला कशाला?”

काकूंनी पेला खाली ठेवला. संगणकाचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसांचं कळत होतं. त्यांनी मेल परत वाचला, ह्या वेळी ओठ हलवत.

“आज संध्याकाळपर्यंतच,” त्या म्हणाल्या. “एवढी घाई? वैजे, जे स्थळ ‘उद्याच सुपारी फोडू’ म्हणतं, त्याचं आपण काय करतो?”

“दुप्पट चौकशी.”

“आणि चौकशी कुणाकडं करतो?”

“त्यांनी नाव दिलेल्या माणसाकडं नाही. आपण शोधलेल्या माणसाकडं.”

“मग लाव ढवळ्यांना फोन. ह्या मेलमध्ये दिलाय त्या नंबरावर नको. गेल्या वर्षीच्या मेळाव्याचं पत्रक काढ, त्यावर तिच्या घरचा नंबर आहे.”

ढवळेबाई फोनवर आल्या त्या ठसक्यातच. “मेल? कसला मेल? अहो इंदुताई, आमची यादी अजून टाइपसुद्धा झालेली नाही. आणि आम्ही ती पोस्टानं पाठवतो, दरवर्षी. तुमचे ते मगदूम दरवर्षी तिकीट कमी लावलंय म्हणून मला पत्र लिहितात, विसरलात होय?”

काकूंनी फोन ठेवला. “चार अक्षरं ऱ्हायली हुती बाई,” मगदूमकाका म्हणाले. “त्ये ॲट दि रेट घावलं असतं तर गेलंच हुतं की सगळं.”

मी आधी पासवर्ड बदलला. जुना पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरमागं चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निम्म्या मिरजेला तो माहीत असावा. चिठ्ठी फाडून टाकली. ढवळेबाईंना सांगितलं, तुमच्या नावानं कुणीतरी मेल पाठवतंय, बाकी मंडळांना कळवा. त्या मेलची प्रत काढून ठेवली. माझ्या लेखी विषय तिथं संपला होता. मेल काढून टाकणार, तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला.

“थांब. ही ओळ वाच.”

मी मघाशी ती वाचली होती, पण डोळ्यांनीच. ‘या वेळी बंद पाकिटातल्या स्थळांची माहितीही सोबत जोडावी.’

“ढवळेबाईंना बंद पाकीट माहीत नाही,” काकू म्हणाल्या. “पुण्यात कुणालाच माहीत नाही. हा शब्द ह्या खोलीतला आहे.”

खाली तार जुळवणं चालू होतं. काका खुर्चीत बसले.

“मीनलचा नवरा असंल काय ओ?” त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या मनात दुसरं नाव आलं होतं. मी ते बोलून टाकलं. “काकू, सावर्डेकर.”

“तोंड सांभाळ,” काकू म्हणाल्या.

उदय सावर्डेकर हे काकूंचं त्या वर्षातलं सगळ्यात आवडतं स्थळ. इचलकरंजीला तंत्रनिकेतनात शिकवायचे, संगणक हाच विषय. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. बोलणं मऊ, कपडे स्वच्छ, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची आणि मीनलची आमच्या कार्यालयात पहिली भेट झाली होती. मीनल जाताना जिन्यात थांबून मला म्हणाली होती, “वैजूताई, किती वर्षांनी कुणीतरी माझं बोलणं पुरं होऊ दिलं.” येत्या रविवारी दुसरी भेट होती आणि ती होकार देणार हे आम्हा तिघांनाही कळलेलं होतं. होकार दिला की ती पत्ताही देणार होती.

पहिल्या भेटीनंतर सावर्डेकरांनी काकूंना एकदा फोन केला होता. घटस्फोट नक्की कशावरून झाला, कोर्टाचे कागद बघायला मिळतील का, असं विचारत होते. काकू म्हणाल्या, ती सांगेल तेव्हा कळेल. “बरोबर आहे, बरोबर आहे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

“मी त्याची चौकशी केलीय,” काकू म्हणाल्या. “घरमालकाकडं, किराणावाल्याकडं, कॉलेजच्या शिपायाकडं. आणि कुरुंदवाडला त्याच्या सासूकडं कोण गेलं होतं? तू होतीस ना बरोबर?”

होते की. मेलेल्या बायकोच्या आईला विचारणं ही काकूंची शेवटची परीक्षा. तिथं पास झाला तो सोनं. ती म्हातारी आम्हाला ताक देत देत जावयाचं गुणगान गात होती. “माझ्या लेकीला कधी बँकेची पायरी चढाय लागली न्हाई की पोस्टाची. समदं त्योच बगायचा. तिची पर्स सुदीक त्योच आवरून द्यायचा. अवो, तिचा फोन वाजला तरी ह्योच उचलायचा, तिला तरास नको म्हणून.” परतताना बसमध्ये काकू म्हणाल्या होत्या, “वैजे, असा जावई लाखात एक.” मीही मान डोलावली होती.

“बंद पाकीट माहीत असलेली बाहेरची माणसं तीन,” मी म्हटलं. “कागलच्या पाटलांचं लग्न होऊन ते दुबईला गेले. गडहिंग्लजच्या त्या काकांना मोबाइलवर फोन घेतानासुद्धा सून लागते. राहिले कोण?”

“आणि मीनलचा नवरा? त्यानं कुणाकडून तरी काढून घेतलं असेल.”

“असेलही.”

काकूंना राग आला होता, पण तो माझा होता की त्या मेलचा, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या माणसाला खोटं ठरवायचं म्हणजे स्वतःच्या तीस वर्षांच्या चौकशीला खोटं ठरवायचं. शेवटी त्या उठल्या, पदर खोचला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“माझ्या सासूबाई लग्नं जमवायच्या, माहीत आहे तुला? मधली माणसं फार असायची तेव्हा. कुठं काय फुटतंय कळायचं नाही. मग सासूबाई एकेकाला एकेक वेगळी थाप मारायच्या. न्हाव्याला सांगायचं मुलीला दमा आहे, भटजीला सांगायचं मुलीला मामा नाही. मग मुलाकडचे बैठकीत काय विचारतात ते बघायचं. मामाची चौकशी झाली की भटजीबुवा फुटले. लिही. मी सांगते.”

“काकू, असल्या मेलला उत्तर द्यायचं नसतं.”

“तुमच्यात नसेल. आमच्यात असतं.”

आज मी बायकांच्या गटांना हेच शिकवते, की असल्या मेलला उत्तर देऊ नका, तो काढून टाका, तक्रार करा. पण त्या दिवशी मी लिहिलं. ‘आदरणीय ढवळेताई, लिंक उघडत नाही. मगदूम यांस संगणक फारसा जमत नाही. कोणती माहिती हवी ते कळवावे, मेलनेच पाठवतो.’ काका म्हणाले, माझं नाव कशाला घालताय त्यात. काकू म्हणाल्या, खरं तेवढंच आहे ते एक.

अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘बंद पाकिटातील सर्व स्थळांची पार्श्वभूमी व सध्याचा पत्ता पाठवावा. तातडीचे.’

काकूंनी चौघींच्या नंबरापुढं चार थापा सांगितल्या. एकीला सोलापुरात वाढवली, दुसरीला शिक्षिका केली, तिसरीला नसलेला भाऊ दिला. मीनलच्या नंबरापुढं लिहायला लावलं, ‘घटस्फोटानंतर चार वर्षे हुबळी येथे वास्तव्य. पत्ता उमेदवार स्वतः देईल.’

“हुबळी का?” मी विचारलं.

“नवरा असला तर जाईल हुबळीला. फिरू दे गल्लोगल्ली. आणि तो नसला...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “उदय नाही तो. रविवारी तुलाच कळेल.”

मीनलला आम्ही काही सांगितलं नाही. काकूंचं म्हणणं, संशयावरून कुणाचं जमत आलेलं मोडू नये. मला ते पटत नव्हतं, पण मी काकूंचं ऐकलं. तेवढ्या दिवसांत मी रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून मीनलच्या गल्लीतून चक्कर मारत होते. वळणावर कुणी अनोळखी उभा दिसला की तो निघून जाईपर्यंत मी तिथंच रेंगाळायचे.

रविवारी खालचं दुकान बंद होतं, त्यामुळं वर फारच शांत वाटत होतं. सावर्डेकर नेहमीसारखे वेळेआधी आले. येताना वाडीहून कवठाच्या बर्फीचा डबा आणला होता. काकूंना वाकून नमस्कार केला. मीनल फिकट पिवळ्या साडीत आली. तिनं केसात अबोलीची चार फुलं माळली होती, आणि मी तिला फूल माळलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

आमच्याकडं भेटीच्या वेळी पोहे नसतात. काकू म्हणायच्या, पोह्याची एक फेरी झालीय ह्यांची आयुष्यात, आता नुसता चहा. चहा झाला. दोघं बोलत होती, काकू स्वेटर विणत कोपऱ्यात, मी संगणकासमोर काम असल्याचं सोंग करत. मगदूमकाका ‘सहज’ म्हणून आले होते आणि एकच वर्तमानपत्र तासभर वाचत होते.

सावर्डेकर छान बोलत होते, खरं सांगायचं तर. मुलीची शाळा, तिला चित्रं काढायला आवडतं, आपल्याकडं वरची खोली रिकामी आहे तिथं तिला भिंत देऊ, हवं ते रंगवू दे. मीनल हसली. तासभर झाला, सोलापूर नाही, हुबळी नाही. काकूंच्या सुया जोरात चालायला लागल्या. त्यांनी माझ्याकडं असा एक कटाक्ष टाकला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या जिंकल्या होत्या, आणि खरं सांगते, मलाही बरंच वाटलं.

मग सावर्डेकर पुढं वाकून म्हणाले, “तुमच्या मुलीला कानडी चांगलं येत असेल नाही? माझी आई घरात कानडीच बोलायची. लहानपणी कानावर पडलेली भाषा विसरत नाही. हुबळीला चार वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.”

हे त्यांनी इतक्या मायेनं विचारलं की माझ्या ते क्षणभर लक्षातच आलं नाही.

“हुबळी?” मीनल म्हणाली. “मी हुबळीला कधी गेलेच नाही.”

काकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. काकूंच्या सुया थांबल्या.

“नाही, म्हणजे... काकूच म्हणाल्या होत्या बहुतेक.”

“मी म्हटलं नव्हतं,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. “मी लिहिलं होतं. ढवळेबाईंना.”

सावर्डेकरांनी एकदा माझ्याकडं, एकदा संगणकाकडं बघितलं. हुशार माणूस, त्यांना एका वाक्यात सगळं कळलं. कानापर्यंत लाल झाले. मीनल आमच्या तोंडाकडं बघत होती, तिला काहीच उमगत नव्हतं. मग मी सांगितलं. मेल, पासवर्ड, बंद पाकीट, थापा, सगळं. सांगताना मी तिच्या केसातल्या फुलांकडं बघत होते, चेहऱ्याकडं बघायचा धीर झाला नाही.

“मी चौकशी केली,” सावर्डेकर म्हणाले. “ह्यात काय एवढं? तुम्ही नाही केली माझी? माझ्या किराणावाल्यापर्यंत गेलात, सासूबाईंपर्यंत गेलात. मी कधी नाराज झालो?”

“गेलो,” काकू म्हणाल्या. “दार वाजवून गेलो, नाव सांगून गेलो. दुसऱ्याचं नाव लावून खिडकीतून नाही शिरलो.”

“काकू, मला वाईट काही करायचं नव्हतं. देवाशपथ. ह्यांनी काय सोसलंय ते माहीत असतं तर मी जपून वागलो असतो, चुकून काही बोललो नसतो. ह्यांच्याच भल्यासाठी.” मग ते मीनलकडं वळले. “तुम्ही तरी समजून घ्या.”

मीनलनं विचारलं, “माझा पत्ता कळला तुम्हाला?”

“नाही.”

“कळला असता तर मला सांगितलं असतंत, की असा असा कळला म्हणून?”

सावर्डेकर खोटं बोलले असते तरी चाललं असतं, पण त्या माणसाचा स्वभाव नव्हता तो. “वेळ आली की सांगितलं असतं,” ते म्हणाले.

“तो माझी पर्स उपसायचा रोज,” मीनल म्हणाली. “लग्नानंतर पहिल्या महिन्यापासून. चिठ्ठ्या वाचायचा, फोन तपासायचा. मी आईला सांगायची, किती काळजी करतो बघ माझी. हात उचलायला लागला ते फार पुढं.”

ती उठली. बर्फीचा डबा उचलून तिनं सावर्डेकरांच्या समोर ठेवला, नीट, झाकण लावून. “तुम्ही मारणार नाही कदाचित,” ती म्हणाली. “पण मला परत पहिल्या महिन्यापासून सुरू करायचं नाही.”

ते जिना उतरून गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मीनलनं केसातली फुलं काढून टेबलावर ठेवली आणि मग रडली, लहान पोर रडतं तशी, नाक ओढत. “मला फार आवडला होता हो तो,” ती म्हणाली. काकूंनी तिला जवळ घेतलं. काका उठून उगाच गॅलरीत गेले आणि तिथं बराच वेळ घसा खाकरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका मेलची प्रत घेऊन पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, पैसे गेले का? नाही म्हटलं. मग नक्की गेलं काय, असं त्यांनी विचारलं, आणि काका म्हणाले, “काय बी न्हाई गेलं साहेब. जाता जाता ऱ्हायलं.” त्यांनी अर्ज ठेवून घेतला. मीनलला गाव बदलावं लागलं नाही. मुलगी तिथंच शिकली, आता पुण्यात असते.

काकू मात्र आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. एके दुपारी पाकिटं चिकटवता चिकटवता मला म्हणाल्या, “त्या म्हातारीनं आपल्याला सगळं सांगितलं होतं गं. ताक देत देत सांगितलं होतं. पर्स तोच आवरायचा. फोन तोच उचलायचा. मी ते गुणात धरलं.”

“मीपण धरलं, काकू.”

“तुझं सोड. तू कालची पोर आहेस.”

महिन्याभरानं आम्ही जयसिंगपूरला एका विधुराच्या चौकशीला गेलो. त्याच्या सासूच्या घरी. ही म्हातारी फटकळ होती. जावई विसरभोळा आहे, घोरतो, भाजी आणायला सांगितली तर नेमकी वांगी आणतो, असं तिनं पायरीवर बसूनच सांगून टाकलं. लेकीची आठवण काढून डोळेही पुसले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. निघताना चपला पायात सरकवत, सहज सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, “आणि तुमच्या लेकीचा फोन वाजला की घरात कोण उचलायचं?”

“तिचा फोन?” म्हातारीला प्रश्नच कळला नाही. “तिचा तीच उचलायची की! दुसऱ्यानं कशाला उचलायचा? ती न्हाणीत असली तर वाजत पडायचा तसाच. ह्यो बाबा नुसता वरडायचा, अगं वाजतोय, वाजतोय म्हणून. पण हात लावायचा न्हाई.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं.

“लिही, वैजे,” त्या म्हणाल्या. “स्थळ चांगलं आहे.”